कव्हरवरचं एक नाव

आमच्या काचीगुड्याच्या घरात गीतरामायणाच्या कॅसेटी आल्या, त्याला आता चाळीसएक वर्षं होतील. वडिलांनी त्या सुलतान बाजारातून आणल्या होत्या. रामनवमीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी टेपरेकॉर्डर लागायचा आणि घरातले सगळे कामं आटपून बैठकीत जमायचे. आमची काकू पुण्याची. लग्न होऊन १९५९ साली हैदराबादला आली ती इथलीच झाली. गीतरामायण पहिल्यांदा रेडिओवर लागलं तेव्हा ती शाळकरी मुलगी होती आणि शेजारच्या वाड्यातल्या रेडिओपुढे बसून तिने ते वर्षभर ऐकलं होतं.

पहिल्याच दिवशी सीतेचं एक गाणं लागलं आणि काकू म्हणाली, "हे असं नव्हतं. हे माणिकताईंनी म्हटलं होतं."

आम्ही मुलं हसलो. मी कॅसेटचं कव्हर तिच्यापुढे धरलं. "काकू, बघ. गायक सुधीर फडके. एकच नाव आहे. तुझं काहीतरी चुकतंय."

"बाईचा आवाज होता रे. कौसल्येलाही बाईचाच होता. मी ऐकलंय ना."

वडिलांनाही ते पटलं नाही. काकूने दोन-तीन वर्षं हे म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. छापील नावापुढे आठवणीचं काय चालणार?

काकूचं बरोबर होतं. चुकलो होतो आम्ही, आणि आमच्यासारखी मराठी घरं थोडीथोडकी नसतील. आज स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तो हा हिशेब मांडण्यासाठी.

पुण्याहून जे निघालं

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तिथले सीताकांत लाड यांना श्रोत्यांसाठी वर्षभर चालेल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना गळ घातली. माडगूळकरांनी रामकथा गाण्यांतून सांगायचं ठरवलं, संगीताची जबाबदारी सुधीर फडक्यांकडे आली आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत प्रसारित झालं. त्या पहिल्या गीताची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. लिहिलेला कागद ऐनवेळी सापडेना, तेव्हा माडगूळकरांना खोलीत बसवून गीत पुन्हा लिहून घेतलं, असं सांगतात.

गीतं छप्पन्न झाली. हा आकडा कसा आला, ते पंचांग उघडलं की कळतं. त्या वर्षी अधिक भाद्रपद होता. गणपतीसुद्धा त्यामुळे उशिरा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात आले. वर्ष लांबलं, म्हणून एका रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंतचे आठवडे बावन्नाहून जास्त भरले. १ एप्रिल १९५५ हा शुक्रवार होता. तिथपासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत मोजले तर पंचावन्न शुक्रवार होतात. पुढची रामनवमी १९ एप्रिलला, गुरुवारी. पंचावन्न आणि एक, छप्पन्न. नवं गीत शुक्रवारी सकाळी लागे आणि शनिवारी-रविवारी तेच पुन्हा ऐकवत. म्हणजे ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांनाही तीन दिवसांत कुठेतरी जाऊन ऐकता येई. काकूने तेच केलं होतं.

त्या वेळी आपलं हैदराबाद काय होतं, हेही लक्षात घ्यावं. मराठवाड्याचे जिल्हे तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. ते १ नोव्हेंबर १९५६ ला वेगळे झाले, गीतरामायण संपल्यानंतर सहा महिन्यांनी. निजामाच्या काळातला डेक्कन रेडिओ १९५० साली आकाशवाणीत आला होता. काचीगुडा स्टेशनातून मनमाडकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीत औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडची माणसं भरलेली असत आणि ती सगळी एकाच राज्याची रहिवासी होती. पुण्यामुंबईचं जे काही इथे पोचायचं, ते बरंचसं याच गाडीने, कुणाच्या तरी पिशवीतून. गीतरामायणाचं पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५७ साली काढलं आणि तेही असंच घरोघर गेलं. पण पुस्तकात आवाज नसतो.

आवाज कसे होते? गीतरामायणातली बहुतेक गाणी कथेतल्या कुणा ना कुणाच्या तोंडी आहेत. राम, सीता, दशरथ, कौसल्या, लक्ष्मण, भरत, शूर्पणखा, हनुमान, शबरी, लव-कुश असे सगळे आपापलं म्हणणं आपण मांडतात. म्हणूनच रेडिओवर ही गाणी अनेक गायकांना वाटून दिली होती. रामाची बहुतेक गाणी फडक्यांनी स्वतः म्हटली. सीतेसाठी माणिक वर्मा होत्या. वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर हेही त्यात होते. लक्ष्मण वनात सोडून निघतो तेव्हाचं सीतेचं गाणं लता मंगेशकरांनी म्हटलं होतं.

म्हणजे मुळात ते रेडिओवरचं संगीतनाटकच होतं. आवाज कानावर पडला की कोण बोलतंय ते कळत होतं.

घरात जे आलं

पुढे सुधीर फडक्यांनी गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम सुरू केले. व्यासपीठावर एकच गायक, सगळी पात्रं त्याच्याच गळ्यातून. गावोगाव हे कार्यक्रम झाले, वर्षानुवर्षं झाले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. ग्रामोफोन कंपनीने संपूर्ण गीतरामायण ध्वनिमुद्रिकांच्या संचात आणलं, तेही फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. पुढे त्याच्याच कॅसेटी आल्या, मग सीडी आल्या. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांच्या घरात गीतरामायण म्हणून आलं ते हे.

इथे गैरसमज नको. फडक्यांचं ते गायन कमी प्रतीचं आहे, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. शब्द न् शब्द स्वच्छ, भाव मोजका, कुठे गळेकाढूपणा नाही. चाली त्यांच्याच, तेव्हा त्या कशा म्हणाव्यात हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? एका माणसाने छप्पन्न गाणी अशी पेलली, हा मराठी संगीतातला चमत्कारच आहे. शिवाय ते कार्यक्रम झाले नसते तर गीतरामायण रेडिओच्या कपाटात राहिलं असतं आणि काचीगुड्यापर्यंत आलंच नसतं.

प्रश्न वेगळा आहे. एका रूपाच्या जागी दुसरं रूप आलं आणि पहिलं रूप होतं, हेच विसरलं गेलं. कव्हरवर जे नाव होतं ते खरंच होतं, कारण त्या कॅसेटीत गायले होते फडकेच. पण "हेच मूळ" असं आम्ही गृहीत धरलं. माणिक वर्मांची सीता आमच्या पिढीसाठी कधी नव्हतीच. ज्या म्हाताऱ्या माणसाला ती आठवत होती, त्याला आम्ही खोटं पाडलं.

नावाची जुनी कहाणी

ध्वनिमुद्रण आणि नाव यांचं भांडण तसं जुनंच आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, तेव्हा गाणं संपल्यावर त्यांनी इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची, हे कळावं म्हणून ही सोय होती. पण त्यामुळे असं झालं की लेबल फाटलं, झिजलं तरी नाव गाण्यातच राहिलं.

पुढे सिनेमा आला आणि नाव पुन्हा हरवलं. १९४९ साली 'महल' लागला. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. ते मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. रेडिओकडे पत्रं येऊ लागली, की ही कामिनी कोण? शेवटी तबकडी काढणाऱ्या कंपनीकडून खरं नाव घेऊन रेडिओवर सांगावं लागलं. ते नाव लता मंगेशकर.

त्याच लताबाईंनी पुढे उलट केलं. 'मोहित्यांची मंजुळा'पासून काही मराठी चित्रपटांना त्यांनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा हे आनंदघन कोण ते उघड झालं. पण यात फरक आहे. आपलं नाव आपणच झाकणं हा माणसाचा हक्क आहे. दुसऱ्याने ते गाळणं वेगळं.

कायद्याला हे कळायला फार वेळ लागला. गीतरामायण झालं तेव्हा आपला आजचा कॉपीराइट कायदाही नव्हता, तो १९५७ चा. त्यातही गाणाऱ्याला काही हक्क नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या हक्कांवर निकाल दिला तो निर्मात्यांच्या बाजूने. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी पुस्ती जोडली, की गाणारा कलावंत कायद्याच्या बाहेर राहिला आहे आणि संसदेने याचा विचार करावा. कलावंताचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. आपल्या गायनाशी आपलं नाव जोडलं जावं, हा हक्क तर २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. शाळेतली मुलगी असताना काकूने जे ऐकलं होतं, त्याला तोवर सत्तावन्न वर्षं झाली होती.

हे सगळीकडेच घडतं

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांना विचारलं तर ती दूरदर्शन मालिकांचे असेच किस्से सांगतील. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही तिथली १९७८ ते १९८२ मधली विनोदी मालिका. गोष्ट एका रेडिओ केंद्राची, त्यामुळे त्या काळची खरी गाणी त्यात सतत वाजत. ही गाणी वापरण्याची परवानगी घेतली होती ती प्रसारणापुरती. घरोघर डीव्हीडी विकल्या जातील, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. २००७ मध्ये पहिल्या वर्षाचे भाग डीव्हीडीवर आले, तेव्हा नव्याने परवानगी घ्यायचा खर्च नको म्हणून बरीच गाणी काढून त्या जागी भाडोत्री संगीत घातलं. कुठे पात्रं त्या गाण्याबद्दल बोलत होती, ती वाक्यंही गेली. लोकांनी तक्रारी केल्या. २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने संपूर्ण मालिका काढली आणि बहुतेक मूळ गाणी परत आणली.

'द फ्युजिटिव्ह' या साठच्या दशकातल्या मालिकेचं तर पार्श्वसंगीतच २००८ च्या डीव्हीडीत बदललं गेलं. मूळ संगीतकार पीट रुगोलो. त्यांचं काम जाऊन नव्या माणसाने नव्याने वाजवलेलं संगीत त्या जुन्या चित्रांमागे लागलं. जाणकार प्रेक्षकांनी ते लगेच ओळखलं, ओरडा झाला आणि कंपनीला पाऊल मागे घ्यावं लागलं.

या दोन्ही गोष्टींत मला एक गंमत वाटते. फसवणूक उघडकीला आणली ती साध्या प्रेक्षकांनी. त्यांच्याकडे टीव्हीवरून भरून घेतलेल्या जुन्या टेपा होत्या, किंवा नुसती आठवण होती. इंग्लंडात बीबीसीने 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसून टाकले. पण घरी टेपरेकॉर्डर लावून आवाज भरून घेणारी पोरं होती, म्हणून हरवलेल्या भागांचा निदान आवाज तरी सगळा उरला आहे.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चि. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका तिथलीच. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ मुंबईपुण्याच्या लोकांना आजही आठवतात. तिचे मोजकेच भाग आज उरले आहेत. टेप महाग, म्हणून एकीवरचं पुसून दुसरं भरायचं, अशी तेव्हाची रीत. हैदराबादेत आम्हाला ती मालिका दिसलीच नाही. पुण्याहून आलेले पाहुणे नकला करून दाखवायचे, तेवढीच.

पुढे व्हीसीडीचे दिवस आले. मी कृष्णधवल मराठी चित्रपट जमा करू लागलो. एकदा एका जुन्या चित्रपटाची तबकडी लावली तर सुरुवातीची श्रेयनामावलीच नाही, चित्र थेट पहिल्या प्रसंगावर. मध्येच दोन गाणी अर्ध्यावर तोडलेली. वेष्टनावर नायक-नायिकेची नावं होती. गीतकार, गायक, संगीतकार कुणाचंच नाव नव्हतं. घरातल्या लहान मुलाने विचारलं, "हे गाणं कुणी म्हटलंय?" मला आवाज ओळखू आला म्हणून सांगता आलं. माझ्यानंतर त्याला कोण सांगणार?

काकूचा कागद

काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. यजमानांना जुन्या संगीताचं वेड. रात्री गप्पा चालल्या असताना त्यांनी गीतरामायणातली रेडिओवरची मूळ गाणी लावली. त्यांतली काही आता ऐकायला मिळतात. खरखर होती, आवाज दूरून आल्यासारखा. आणि सीता गाऊ लागली. माणिक वर्मांच्या आवाजात.

मी उठून बाहेर गेलो. मला काकूचा तो चेहरा आठवला, मी कव्हर नाकापुढे धरल्यावर गप्प झालेला.

परत आल्यावर तिला मोबाइलवर ते ऐकवलं. तेव्हा ती ऐंशीच्या जवळ आली होती. तिने पूर्ण गाणं ऐकलं. मी म्हणालो, "काकू, तुझं बरोबर होतं. आम्ही उगाच तुला…"

तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कॅसेटींचा डबा काढ. आणि कागद-पेन आण."

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. हे गाणं अमक्याचं, ते तमकीचं. काही नावं तिला आठवली, काही नाही. जिथे आठवलं नाही तिथे ती म्हणाली, "जागा सोड. कुणाला तरी ठाऊक असेल." दोन-तीन ठिकाणी तिचं चुकलं होतं, हे मला नंतर कळलं. पण बाकी सगळं बरोबर निघालं. साठ वर्षांपूर्वी शेजारच्या वाड्यात उभं राहून ऐकलेलं!

टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला. कॅसेटी चालत नाहीत. काकूही आता नाही. डबा मात्र ठेवला आहे आणि त्यात तो कागद आहे.

आपण काय करावं

स्मरणिकेचा लेख नुसता हळहळ करून संपू नये, म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

गणेशोत्सवात आपल्याकडे गीतरामायणाचे कार्यक्रम होतात. आपले गायक हौशी आहेत, एकाला सगळं पेलत नाही, म्हणून आपण गाणी वाटून घेतो. सीतेचं बाई म्हणते, दशरथाचं एखादे काका म्हणतात. यात आपल्याला कमीपणा वाटायचं कारण नाही. पुण्याच्या केंद्रावर १९५५ साली हेच रूप होतं. फक्त निवेदकाने प्रत्येक गाण्याआधी, ते रेडिओवर प्रथम कुणी म्हटलं ते नाव सांगावं. त्याला दहा सेकंद लागतात.

दुसरी गोष्ट घरातली. आपल्या कपाटांत मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी पडलेल्या असतील. नाटकं, भजनं, मुलांचे समूहगान, कुणाच्या आजोबांचं कीर्तन. त्यांवर 'गणपती' आणि साल, एवढंच लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. अजून ओळखणारे कान शिल्लक आहेत. पेटीवर कोण होतं, तबल्याला कोण होतं, मागे कोरसमध्ये कुणाची मुलगी होती, हे विचारून घ्या आणि कागदावर लिहून आत ठेवा. आठवलं नाही तिथे जागा सोडा.

आणि घरातलं म्हातारं माणूस "हे असं नव्हतं" म्हणालं, तर कव्हर पुढे धरू नका. आधी विचारा, "मग कसं होतं?"